गोष्टीने उघडलेली दारे : वाचनाच्या गोडीचा थोडा इतिहास



शिक्षणसंस्थेची स्मरणिका म्हटली की तीत निकालाचे आकडे असतात, इमारत निधीचा हिशेब असतो, गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे असतात. हे सर्व हवेच. परंतु प्रत्येक शाळेच्या एका कोपऱ्यात पुस्तकांचे एक लोखंडी कपाट उभे असते आणि त्याच्याविषयी अहवालात ‘एकूण ग्रंथसंख्या’ यापलीकडे सहसा काही येत नाही. त्या कपाटातली पुस्तके मुले आपण होऊन मागतात काय? मागत असतील तर कोणती? मागत नसतील तर का नाही? शिक्षकी पेशातल्या माणसाला हे प्रश्न रोज भेटतात.

आपल्या मुलांच्या बाबतीत तर ते अधिकच बिकट आहेत. उर्दू माध्यमाच्या मुलाला मराठी परकी वाटते, मराठी माध्यमाच्या मुलाला उर्दूची लिपी परकी वाटते, आणि इंग्रजी दोघांनाही परकी. पहिलीपासून दहावीपर्यंत इंग्रजी शिकूनही एखादे साधे गोष्टीचे इंग्रजी पुस्तक केवळ आनंदासाठी उघडलेले नाही, अशी मुले वर्गावर्गात आहेत. निबंध पाठ होतात, पत्रे पाठ होतात, परीक्षा सरते आणि तिच्याबरोबर भाषाही सरते. पुढे दुकानात, कचेरीत किंवा महाविद्यालयात त्याच भाषेचा कागद हाती आला की हात कापतो.

यावर पालकांची तक्रार बहुधा उलटीच असते. ‘मास्तर, पोरगा अभ्यास सोडून गोष्टींची पुस्तके वाचतो, त्याला समजवा.’ ही तक्रार किती जुनी आहे आणि इतिहासाने तिला काय उत्तर दिले आहे, हे या लेखात आपणापुढे मांडावयाचे आहे. माझे म्हणणे एका वाक्यात सांगतो. व्याकरण भाषेचा नकाशा देते, परंतु त्या मुलखात माणसाला चालवत नेते ती गोष्ट. गोडी लावणारे पुस्तक सापडले की परकी भाषा परकी राहत नाही.

१८४० सालचे नाशिक

आरंभ आपल्याच गावापासून करू. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० साली स्थापन झाले. पेशवाई बुडून त्या वेळी अवघी बावीस वर्षे झाली होती. नाशिक हा तेव्हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता. तो १८६९ साली झाला. म्हणजे जिल्ह्याच्या आधी एकोणतीस वर्षे या गावाला वाचनालय मिळाले. गोदाकाठच्या या क्षेत्रात पोथ्या मुबलक होत्या, पण पोथी ही सोवळ्याने उघडायची आणि पुराणिकाच्या तोंडून ऐकायची वस्तू. वाचनालयाने एक नवी रीत आणली. पुस्तक हाती घ्यावे, स्वतः वाचावे, आवडले नाही तर परत करून दुसरे न्यावे.

त्या काळी छापील मराठी पुस्तके फार थोडी होती. नव्या ज्ञानाची भाषा इंग्रजी होती आणि ती फार थोड्यांना येत होती. ही दरी कशी सांधावी याचा एक मार्ग बाळशास्त्री जांभेकरांनी आधीच दाखविला होता. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत त्यांनी ‘दर्पण’ सुरू केले. त्याच्या पानावर दोन स्तंभ असत, एक मराठीचा आणि शेजारी दुसरा इंग्रजीचा. आपली भाषा येणाऱ्याने डोळा किंचित बाजूला वळवला की परक्या भाषेतला तोच मजकूर त्याच्यापुढे येई. मराठी वृत्तपत्राचा जन्मच असा दोन भाषांच्या शेजारात झाला, ही गोष्ट आपण फारशी लक्षात ठेवीत नाही.

साहेबांनी किस्से वाचले

इंग्रजी आपल्याला अवघड वाटते, तशी आपली भाषा इंग्रजांनाही अवघडच होती. त्यांनी ती कशी शिकली? १८०० साली कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज निघाले. विलायतेहून येणाऱ्या तरुण अंमलदारांना देशी भाषा शिकविणे हे त्याचे काम. तेथे जॉन गिलख्रिस्ट यांच्या देखरेखीखाली मीर अम्मन देहलवी यांनी ‘बाग-ओ-बहार’ लिहिले. फारसीतला चार दरवेशांचा किस्सा त्यांनी दिल्लीच्या चालत्याबोलत्या जबानीत उतरविला. त्याच कॉलेजात हैदर बख्श हैदरी यांनी हातिमताईचा किस्सा व पोपटाच्या गोष्टी सांगितल्या, आणि निहालचंद लाहोरी यांनी गुलबकावली उर्दूत आणली.

पुढे कित्येक वर्षे गोऱ्या अंमलदारांच्या परीक्षेला ‘बाग-ओ-बहार’ नेमलेले असे. डंकन फोर्ब्स यांनी शब्दसंग्रहासह त्याची आवृत्ती काढली, ती विलायतेत बसून वाचली जाई. ज्या राज्यकर्त्यांना आपल्याकडून सारा वसूल करावयाचा होता, त्यांनीसुद्धा भाषेसाठी आधार घेतला तो साऱ्याच्या कायद्याचा नव्हे, दरवेशांच्या गोष्टींचा!

मराठीचीही तीच कथा. कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूर येथे विल्यम कॅरे यांच्या छापखान्यातून वैजनाथशास्त्री यांनी केलेली ‘सिंहासन बत्तिशी’ १८१४ साली आणि ‘हितोपदेश’ १८१५ साली मोडी लिपीत छापून निघाला. इकडे दक्षिणेत तंजावरला सरफोजी राजांच्या आश्रयाखाली त्याच शतकाच्या पहिल्या दशकात इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या होत्या. छापील मराठी गद्याच्या उंबरठ्यावर अशी सर्वत्र गोष्टच उभी आहे. बत्तीस पुतळ्यांची, कावळ्या-कोल्ह्यांची, शहाण्या-मूर्खांची गोष्ट.

अरबस्तानातून पुण्यापर्यंत

पुढची पायरी अधिक मनोरंजक आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकर हे जुन्या वळणाचे संस्कृत पंडित. इंग्रजी ते मागाहून शिकले. त्यांनी १८६१ पासून ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणावयास प्रारंभ केला. या कामात त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री आणि हरि कृष्ण दामले यांचाही हात होता. भाषांतर अरबीवरून नव्हते, इंग्रजीवरून होते. इंग्रजीत या गोष्टी आल्या त्या प्रथम फ्रेंचमधून. आंत्वान गालां या फ्रेंच पंडिताने १७०४ ते १७१७ या काळात त्यांचे फ्रेंच भाषांतर प्रसिद्ध केले होते. त्यातही मौज अशी की अल्लाउद्दीनचा दिवा आणि अलीबाबाची गुहा या सर्वांत लाडक्या गोष्टी गालांकडच्या अरबी हस्तलिखितात नव्हत्याच. हलबहून पॅरिसला गेलेल्या हन्ना दियाब नावाच्या एका सीरियन माणसाने त्या त्याला १७०९ साली तोंडी सांगितल्या.

आता हा प्रवास पाहा. हलबच्या माणसाच्या तोंडून निघालेली गोष्ट पॅरिसला फ्रेंच झाली, लंडनला इंग्रजी झाली, पुण्यात शास्त्रीबुवांच्या लेखणीने मराठी झाली आणि नाशिक-येवल्याच्या वाड्यांत दिव्याच्या उजेडात वाचली गेली. ती वाचताना आपण परक्या मुलखातले काही वाचतो आहोत, याची खंत कोणाला वाटली नाही. तिळाचे नाव घेताच उघडणारी ती गुहा मराठी मुलांची झाली.

याच पिता-पुत्रांनी डॉ. जॉन्सन यांचे ‘रासेलस’ही मराठीत आणले. वडिलांनी आरंभिले, मुलाने पुरे केले. ते तत्त्वबोधाचे पुस्तक. आज ‘रासेलस’चे नाव मराठीच्या विद्यार्थ्यांपलीकडे फारसे कोणी घेत नाही, अलीबाबाचे नाव मात्र शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक असते. बोधाचे मोल कमी आहे असे मी म्हणत नाही. बोध घरात शिरतो तो गोष्टीमागून, एवढेच निदर्शनास आणावयाचे आहे.

आणखी एक लहानशी बाब. इंग्रजीत ज्याला ‘नॉव्हेल’ म्हणतात, त्याला मराठीने ‘कादंबरी’ हे नाव दिले. कादंबरी ही बाणभट्टाच्या संस्कृत कथेची नायिका. एका आवडत्या पुस्तकाचे नाव साऱ्या जातीला मिळाले! आणि आपण शाळेत ज्यांना रोज हात लावतो ते कागद, शाई, दौत, कलम, हजेरी हे शब्द कोठून आले? अरबी-फारसीतून. ते परके आहेत असे आज कोणी म्हणत नाही. शेजारधर्माने भाषा अशाच एकमेकींच्या घरात जात-येत असतात.

वडीलधाऱ्यांची भीती

गोडीच्या पुस्तकांना वडीलधारी माणसे भितात, हेही नवे नाही. उर्दूतील सुप्रसिद्ध लेखक डिप्टी नझीर अहमद यांचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. आपल्या मुलींना वाचावयास द्यावे असे, त्यांना रुचेल आणि पेलेल असे पुस्तक त्यांना मिळेना. तेव्हा त्यांनी स्वतःच लिहावयास घेतले. थोडे थोडे लिहून ते मुलींना देत आणि मुली पुढचे मागत. त्यातून दोन बहिणींची कहाणी सांगणारे ‘मिरात-उल-उरूस’ तयार झाले. शिक्षण खात्याचे संचालक केम्पसन यांच्या पाहण्यात ते आले, १८६९ साली ते प्रसिद्ध झाले आणि सरकारने लेखकाला एक हजार रुपयांचे बक्षीस दिले. उर्दूतली पहिली कादंबरी म्हणून पुष्कळजण ज्या पुस्तकाचे नाव घेतात, ते मुळात एका बापाने मुलींसाठी केलेल्या पुस्तकाच्या शोधातून जन्मले आहे.

परंतु त्याच लेखकाच्या ‘तौबत-उन-नसूह’ या पुढच्या कादंबरीत नसूह हा बाप आपल्या थोरल्या मुलाचा, कलीमचा, ग्रंथसंग्रह जाळून टाकतो. ही पुस्तके मुलाला बिघडवतील, अशी त्याची समजूत. एकाच लेखकाच्या दोन पुस्तकांत आपल्याला दोन बाप भेटतात, एक मुलींसाठी पुस्तक लिहिणारा आणि दुसरा मुलाची पुस्तके जाळणारा. पालकहो, आज आपल्या घरात पुस्तके कोणी जाळीत नाही हे खरे; पण ‘हे कशाला वाचतोस, गाईड वाच’ असे आपण म्हणतो, तेव्हा आपण या दोहोंपैकी कोणाच्या बाजूला उभे असतो, याचा विचार करावा.

मुलींच्या वाट्याला तर ही भीती दुपटीने आली. महादेव गोविंद रानडे यांची १८७८ साली नाशिकला बदली झाली, तेव्हा त्यांच्या पत्नी रमाबाई येथे त्यांच्याबरोबर होत्या. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. रानड्यांनी त्यांना घरीच मराठी शिकविले, इंग्रजी शिकविले, वर्तमानपत्र वाचावयास लावले. घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांनी त्यापायी त्यांना किती टोमणे मारले, हे त्यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात लिहून ठेविले आहे. टोमणे खाऊन शिकलेल्या त्या मुलीने लिहिलेले हे पुस्तक आज मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत गणले जाते आणि नववी-दहावीच्या मुलीने हाती घेतले तर ती ते आवडीने वाचील.

तिकडे बंगालमध्ये बेगम रोकेया यांची हकीकत अशीच आहे. त्यांच्या घरी मुलींनी बंगाली व इंग्रजी शिकणे मान्य नव्हते. थोरले भाऊ इब्राहिम यांनी रात्री घर निजल्यावर, मेणबत्तीच्या उजेडात, बहिणीला दोन्ही भाषा शिकविल्या. याच बहिणीने १९०५ साली ‘सुलतानाज ड्रीम’ ही कथा सरळ इंग्रजीत लिहिली आणि मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये ती छापून आली. स्त्रिया राज्य चालवीत आहेत, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो आहे आणि पुरुष घरात बसले आहेत, अशी ती खुसखुशीत कल्पनाकथा आहे. बक्षीस समारंभात मुलींना देण्यासारखे छोटेसे इंग्रजी पुस्तक कोणते, असे मला कोणी विचारले तर मी प्रथम याचेच नाव घेईन.

तुरुंगातली पुस्तके

पुन्हा नाशिकला येऊ. येथील मध्यवर्ती तुरुंगाने मराठी वाचकाला एक पुस्तक दिले आहे. साने गुरुजी सत्याग्रहातील कैदी म्हणून तेथे असताना फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहून काढले. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. रोज रात्री सांगितलेल्या गोष्टी अशी त्याची रचना आहे. भाषा इतकी साधी, की मराठी नव्याने शिकणाऱ्या मुलालाही ते हळूहळू वाचता येते. उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्यासाठी मराठीत शिरण्याचे याहून सोयीचे दार क्वचितच सापडेल.

परंतु या लेखाच्या दृष्टीने गुरुजींची दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. त्याआधी ते दक्षिणेत त्रिचनापल्लीच्या तुरुंगात होते. तेथे निरनिराळ्या प्रांतांचे कैदी एकत्र आले होते आणि त्यांना एकमेकांच्या भाषा येत नव्हत्या. गुरुजींनी त्या मुक्कामात तमिळ भाषेची ओळख करून घेतली आणि तिरुवल्लुवरांचा ‘कुरल’ मराठीत आणला. शेजारच्या माणसाची भाषा आपल्याला येऊ नये, ही रुखरुख त्यांना कायम राहिली. पुढे त्यांनी मांडलेल्या ‘आंतरभारती’च्या कल्पनेचे मूळ तेथे आहे. ‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तकही त्यांच्याच लेखणीतून उतरले. माणूस दुसऱ्याच्या भाषेत आनंदाने शिरला की त्याच्या घराचाही आदर करू लागतो, याचा हा पुरावा होय.

नाशिकचे दुसरे नाव वि. वा. शिरवाडकर, म्हणजेच कुसुमाग्रज. काही काळ ते सार्वजनिक वाचनालयाचे अध्यक्षही होते. कविश्रेष्ठ म्हणून आपण त्यांना वंदन करतो, त्यांचा २७ फेब्रुवारी हा जन्मदिवस मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा करतो. पण ते परभाषेचे केवढे मोठे रसिक होते, हे त्या दिवशीच्या भाषणांतून फारसे येत नाही. ‘दूरचे दिवे’ हे त्यांचे नाटक ऑस्कर वाइल्डवरून, ‘वैजयंती’ हे मेटरलिंकवरून, ‘राजमुकुट’ हे शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’वरून आले. १९७० साली रंगभूमीवर आलेल्या ‘नटसम्राट’मागे ‘किंग लिअर’ची सावली आहे. मराठीचा अभिमान बाळगण्यासाठी त्यांना इंग्रजीकडे पाठ फिरवावी लागली नाही. उलट तिकडे जे गोड वाटले, ते त्यांनी इकडच्या माणसांना आणून दिले.

ज्यांच्यासाठी लोक लिपी शिकले

उत्तर हिंदुस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक नवल घडले. देवकीनंदन खत्री यांनी ‘चंद्रकांता’ ही ऐयारी-तिलिस्माची कादंबरी हिंदीत लिहिली आणि ती वाचता यावी म्हणून उर्दूच वाचणारे कित्येक लोक नागरी अक्षरे शिकले, असे हिंदी साहित्याच्या इतिहासात आवर्जून सांगितले जाते. खत्रींची हिंदी सोपी आणि उर्दू शब्दांनी भरलेली होती. ऐयार आणि तिलिस्म हे सामान त्यांना ‘तिलिस्म-ए-होशरुबा’सारख्या उर्दू दास्तानांच्या परंपरेतूनच मिळाले होते. ही दास्तान १८८३ पासून लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून खंडाखंडाने निघत होती. सरकारी हुकुमाने जे साधले नसते ते एका रंजक कादंबरीने साधले.

विसाव्या शतकात तीच जादू इब्ने सफी यांनी केली. १९५२ साली अलाहाबादहून ‘जासूसी दुनिया’ सुरू झाली. तिच्यातली पहिलीच कादंबरी ‘दिलेर मुजरिम’ एका इंग्रजी रहस्यकथेच्या आधाराने लिहिलेली होती. उर्दूबरोबर ही मालिका हिंदीतही निघे आणि उर्दूतला फरीदी हिंदीत विनोद या नावाने वावरे. इकडे मराठीत बाबुराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार आणि काळा पहाड घराघरांत पोहोचले. भाड्याने पुस्तके देणाऱ्या लहान वाचनालयांचा संसार अशा पुस्तकांवर चाले. शिष्ट मंडळींनी नाके मुरडली, पण अक्षरओळख झालेल्या कामगाराला रोज शंभर पाने वाचावयास लावण्याचे काम या लेखकांनी केले, हे नाकारता येत नाही. मुलांसाठी भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या अद्भुत सफरी मराठीत आणल्या आणि स्वतःचा ‘फास्टर फेणे’ही दिला.

आपल्या जिल्ह्यातले मालेगाव या बाबतीत अभिमानाने नाव घेण्यासारखे आहे. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या विणकरांनी तेथे माग बसविले आणि सोबत उर्दूही आणली. यंत्रमागाच्या खडखडाटात तेथे मुशायरे झाले, नियतकालिके निघाली. डिसेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेने मालेगावात पुस्तकमेळा भरविला, तेव्हा एक कोटी रुपयांहून अधिक किमतीची पुस्तके विकली गेली. विणकरांच्या गावाने हे करून दाखविले आहे. ‘आमच्या समाजात वाचन नाही’ असे सरसकट बोलणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. वाचक आहे, त्याच्या हाताशी पुस्तक आणावे लागते.

पुस्तक कसे निवडावे

इतका इतिहास सांगितल्यावर त्यातून आपल्या कामाचे काय, असे आपण विचाराल. ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, परक्या भाषेत प्रथम माहीत असलेली कथा वाचावी. ट्रॉय शहराचे अवशेष शोधणारा हाइनरिख श्लीमान तरुणपणी ॲमस्टरडॅमला एका पेढीवर कारकून होता. ‘व्हिकार ऑफ वेकफील्ड’ आणि ‘आयव्हान्हो’ पाठ करून तो इंग्रजी शिकला. १८४४ साली त्याला रशियन शिकावयाची होती, तेव्हा ‘तेलेमाक’ या फ्रेंच कादंबरीचे रशियन भाषांतर त्याने मिळविले. कथा ठाऊक असल्याने शब्दांचे अर्थ उलगडत गेले. आपल्या मुलांसाठी प्रेमचंदांची ‘ईदगाह’ या कामी उत्तम. ती उर्दूत आहे, हिंदीत आहे, तिची मराठी व इंग्रजी भाषांतरेही आहेत. जत्रेतली खेळणी सोडून आजीसाठी चिमटा घेणारा हामिद एका भाषेत भेटला की दुसऱ्या भाषेत तो अनोळखी राहत नाही. ‘नटसम्राट’ पाहिलेल्या विद्यार्थ्याने तसेच लॅम्ब बहीण-भावांनी १८०७ साली मुलांसाठी गद्यात सांगितलेल्या शेक्सपिअरच्या गोष्टींतला ‘लिअर’ वाचावा. पुढे मूळ नाटकाचे धैर्य आपोआप येते.

दुसरी गोष्ट, पुस्तक आपल्या वकुबापेक्षा किंचित सोपेच घ्यावे. बी.एड. झालेल्या बहुतेकांना मायकेल वेस्ट हे नाव ऐकून माहीत असेल. हा इंग्रज शिक्षणाधिकारी ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात होता. बंगाली मुलांना पानागणिक नवे कठीण शब्द अडवतात आणि त्यांची वाचनाची उमेद खचते, हे त्याने पाहिले. म्हणून १९२० च्या दशकात त्याने थोडक्या शब्दांत लिहिलेली आणि नवा शब्द पुन्हा पुन्हा भेटेल अशी वाचनमाला तयार केली. आज दुकानांत मिळणाऱ्या सोप्या इंग्रजीतल्या संक्षिप्त कादंबऱ्या हा त्याच विचाराचा विस्तार. ही कल्पना लंडनमध्ये नव्हे, ढाक्यात, आपल्यासारख्याच मुलांच्या वर्गात सुचली होती. दहावीच्या मुलाने इंग्रजीत सहावीच्या मुलाचे पुस्तक वाचण्यात कमीपणा नाही.

तिसरी गोष्ट, प्रत्येक शब्दासाठी कोश उघडू नये. कथेचा धागा हाती असेल तर पुढे जावे. जो शब्द चार वेळा आडवा येतो तेवढाच पाहावा. उर्दू-मराठीसाठी श्रीपाद जोशी यांचा शब्दकोश शाळेच्या कपाटात असावा, आणि उर्दू काव्य मराठी वाचकाला समजावून देणारी सेतुमाधवराव पगडी यांची पुस्तकेही असावीत.

चौथी गोष्ट, न आवडलेले पुस्तक अर्ध्यावर ठेवण्याची मुलाला मुभा असावी. पाठ्यपुस्तकात ती सवलत नसते, वाचनालयात असते. मात्र ठेवलेल्या पुस्तकाच्या जागी लगेच दुसरे द्यावे.

कपाटाची किल्ली

शेवटी पुन्हा त्या लोखंडी कपाटाकडे येतो. पुष्कळ ठिकाणी त्याला कुलूप असते आणि त्यामागे कोणाचा दुष्टपणा नसतो. वर्षअखेर पुस्तकांची मोजणी होते, गहाळ पुस्तकाची भरपाई ज्याच्या ताब्यात कपाट त्याने द्यावयाची असते. साहजिकच तो पुस्तके बाहेर काढीत नाही. पुस्तके सुरक्षित राहतात, मुले मात्र रिकाम्या हाताने घरी जातात.

याच्या उलट एक प्रयोग आपल्या शहरात झाला आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी २००९ साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम सुरू केला. शंभर पुस्तकांची एक पेटी वस्तीतल्या वाचकांच्या एका गटाकडे द्यावयाची, त्यांनी आपसांत पुस्तके फिरवावयाची आणि ठरावीक काळाने पेटी दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलून घ्यावयाची. वाचक पुस्तकाकडे येत नसेल तर पुस्तकाने वाचकाकडे जावे, हा साधा विचार. नाशिकहून निघालेल्या या पेट्या महाराष्ट्राबाहेर, दुबईच्या मराठी कुटुंबांपर्यंत पोहोचल्या.

आपल्या मोहल्ल्यात अशा पेटीला काय अडचण आहे? तीत उर्दू, मराठी आणि सोपे इंग्रजी अशी तिन्ही भाषांतली पुस्तके असावीत. संध्याकाळी वाचनालयापर्यंत जाऊ न शकणाऱ्या मुलींना ती घरच्या घरी मिळतील. समारंभात हारतुऱ्यांवर होणारा खर्च एक वर्ष वाचविला तरी पहिली पेटी भरेल. गहाळ होणाऱ्या पुस्तकांसाठी संस्थेने दरसाल थोडी रक्कम वेगळी ठेवावी, म्हणजे कपाट सांभाळणाऱ्या शिक्षकाच्या पगाराला तोशीस लागणार नाही आणि किल्लीही खिशातून बाहेर येईल. आणि पालकांनी रात्री जेवण झाल्यावर मुलाला एवढेच सांगावे, ‘बेटा, आज काय वाचलेस ते मलाही वाचून दाखव.’ ज्या अब्बा-अम्मींना वाचता येत नाही, त्यांनी तर हे अवश्य सांगावे. ऐकणारा मिळाला की वाचणाऱ्याला हुरूप येतो.

संस्थेच्या चालकांना एक नम्र विनंती करून हा लेख पुरा करतो. पुढील वर्षाच्या अहवालात ‘एकूण ग्रंथसंख्या’ या रकान्याखाली आणखी दोन रकाने असावेत. वर्षभरात घरी नेलेली पुस्तके किती, आणि हाताळून हाताळून फाटल्यामुळे नवी घ्यावी लागली ती किती. ज्या वर्षी हा शेवटचा आकडा वाढलेला दिसेल, त्या वर्षीच्या निकालाची काळजी आपल्याला थोडी कमी करावी लागेल.